चेक, शह आणि सतरंजी

आपल्या रोजच्या मराठीत 'चेक' हा शब्द किती ठिकाणी येतो, ते एकदा मोजून पाहा. बँकेत आपण चेक भरतो. कापडाच्या दुकानात चेकचा शर्ट मागतो. शिक्षक वह्या चेक करतात. हद्दीवर चेकनाका लागतो. बुद्धिबळ खेळणारी पोरे समोरच्याच्या राजाला 'चेक' देतात. पैशाचा कागद, कापडावरच्या चौकड्या, तपासणी, रस्त्यावरची अडवणूक आणि खेळातला शह, या पाच गोष्टींचा एकमेकांशी संबंध काय? वरवर पाहता काहीच नाही. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना तर आपण सांगून मोकळे होतो, की हे वेगवेगळे अर्थ आहेत, पाठ करा.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, इंग्रजी माझा विषय नाही. तरीही या शब्दावर लिहावेसे वाटले, कारण त्याचे मूळ इंग्रजीत नाहीच. ते फारसीत आहे आणि ज्या शब्दात आहे तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो शब्द म्हणजे शाह.

गोष्ट बुद्धिबळापासून सुरू होते. हा खेळ भारतातून इराणात गेला. इथे त्याचे नाव होते चतुरंग, म्हणजे चार अंगांचे सैन्य: हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ. इराणच्या पहलवी भाषेत त्याचे 'चतरंग' झाले. हिंदुस्थानच्या राजाने हा खेळ कोडे म्हणून इराणचा बादशहा खुसरो अनुशिरवान याच्या दरबारात पाठवला आणि बुझुर्गमिहर या वजिराने ते कोडे सोडवले, अशी कथा एका जुन्या पहलवी ग्रंथात आहे. पुढे फिरदौसीने ती 'शाहनामा'त सांगितली. कथा खरी की रचलेली हा भाग वेगळा. पण खेळ आपल्याला भारतातून मिळाला, हे इराण्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकले आणि खेळ त्यांच्या हाती आला. अरबीत 'च' नाही आणि 'ग' नाही. म्हणून चतरंगचे 'शतरंज' झाले. बगदादला अब्बासी खलिफांच्या दरबारात या खेळाचे उस्ताद होते, त्यावर ग्रंथ लिहिले जात होते. अल-अदली आणि अस-सूली ही त्यांतली मोठी नावे. नियम थोडेफार बदलले, पण खेळातली बोली फारसीच राहिली. राजावर मारा आला की समोरच्याला सावध करण्यासाठी म्हणायचे 'शाह', आणि राजाची सुटका संपली की 'शाह मात'.

'शाह मात'चा अर्थ 'राजा मेला' असा बहुतेक ठिकाणी सांगितला जातो, कारण अरबीत 'मात' म्हणजे मेला. पण फारसीतही एक 'मात' आहे. त्याचा अर्थ हतबल, चकित, काही सुचेनासे झालेला. खेळ पाहिला तर हाच अर्थ जास्त जुळतो. बुद्धिबळात राजा मारला जातच नाही. तो कोंडला जातो.

अरबांबरोबर शतरंज स्पेनमध्ये आणि सिसिलीत गेला आणि तिथून युरोपभर पसरला. स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांनी खेळाचे नाव शतरंजवरूनच घेतले, 'आहेद्रेस' आणि 'शद्रेझ'. स्पेनचा राजा दहावा अल्फान्सो याने १२८३ साली खेळांवरचा जो सचित्र ग्रंथ तयार करवून घेतला, त्यात पहिला मान याच खेळाचा आहे. उत्तरेकडच्या लोकांनी मात्र खेळाचे नाव न उचलता खेळातली हाक उचलली. 'शाह'चे लॅटिनमध्ये 'स्काकुस' झाले, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक', आणि तेच इंग्रजीत 'चेक'. याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून 'चेस' आला. म्हणजे इंग्रजीत 'चेस' म्हणजे मुळात 'शाह लोक'. जर्मनमध्ये 'शाख', रशियनमध्ये 'शाखमाती'. निम्मा युरोप आजही खेळायला बसला की इराणच्या राजाचे नाव घेतो.

आता इंग्रजीत या शब्दाला फांद्या कशा फुटल्या ते पाहू.

खेळात 'चेक' आला की चालू असलेला डाव थांबतो. बाकीचे बेत बाजूला ठेवून आधी राजाला वाचवावे लागते. त्यामुळे 'चेक' म्हणजे अचानक बसलेली खीळ, असा अर्थ खेळाबाहेरही रुजला. सत्तेवर चेक असावा असे आपण म्हणतो, तो हा अर्थ. रोखून धरण्यातून पुढे आवर घालणे आले, आणि आवर घालायचा तर हिशेब ताडून पाहावा लागतो, म्हणून तपासणे आले. वही चेक करणे आणि चेकनाका ही दोन्ही याच फांदीची पाने.

दुसरी फांदी पटाची. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला 'एशेकिए' म्हणत. बाराव्या शतकात इंग्लंडचे नॉर्मन राजे महसुलाचा हिशेब एका मोठ्या मेजावर घेत. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने त्या काळातच या कारभारावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्यात मेजाचे माप दिले आहे, सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद. वर काळे कापड, त्यावर वीत-वीत अंतरावर रेघा. त्या रकान्यांत सोंगट्या मांडून पेन्स, शिलिंग आणि पौंड मोजत. एका बाजूला खजिन्याचे लोक, दुसऱ्या बाजूला वसुलीचा हिशेब द्यायला आलेला शेरीफ. समोरासमोर बसलेली ती दोन माणसे पाहून लोकांना बुद्धिबळाचा पट आठवला, आणि राजाच्या खजिन्यालाच 'एक्स्चेकर' नाव पडले. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सलर ऑफ द एक्स्चेकर' आहे.

सोंगट्या का लागत होत्या, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. इंग्रजांकडे तेव्हा रोमन आकडे होते. शून्य नाही, स्थानानुसार किंमत नाही, अशा आकड्यांत कागदावर वजाबाकी करणे म्हणजे डोकेदुखी. शून्यासह हिंदी अंकांनी हिशेब कसा करावा, हे बगदादच्या अल-ख्वारिझ्मीने नवव्या शतकातच लिहून ठेवले होते. त्याचे लिखाण तेव्हा नुकते कुठे लॅटिनमध्ये पोहोचत होते. खेळ हिशेबाच्या आधी पोहोचला होता.

पटावरून कापड आले. चौकटी-चौकटींच्या नक्षीला इंग्रजीत 'चेकर' म्हणू लागले आणि त्याचे छोटे रूप 'चेक'. दुकानातला चेकचा शर्ट तो हा.

राहिला बँकेचा चेक. इथे जरा थांबायला हवे, कारण याबद्दल आपल्या लोकांत एक गोष्ट फार फिरते. 'चेक' हा शब्द अरबी 'सक्क'वरून आला, मुसलमानांनी जगाला चेक दिला, असा मजकूर दरवर्षी कुणी ना कुणी पाठवतो. यातले अर्धे खरे आहे. सक्क म्हणजे पैसे देण्याचा लेखी दस्त. अब्बासी काळात त्याचा वापर होता. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल याने सहाराच्या दक्षिण टोकाला, औदगुस्त इथे, ४२,००० दिनारांचा सक्क पाहिल्याचे लिहिले आहे. आजच्या इस्लामी बँकिंगमधले 'सुकूक' हे सक्कचेच अनेकवचन. पण इंग्रजी शब्दाचा माग काढला तर तो सक्कपर्यंत जात नाही. अठराव्या शतकात पैसे देण्याच्या चिठ्ठीचा जो भाग बँक स्वतःकडे ठेवायची, म्हणजे आपण ज्याला स्थळप्रत म्हणतो, त्याला 'चेक' म्हणत. चिठ्ठीत कुणी खाडाखोड केली तर त्या प्रतीशी ताडून लबाडी रोखता येई. रोखणारा, म्हणून चेक. पुढे चिठ्ठीलाच ते नाव पडले. ब्रिटिशांनी त्याचे स्पेलिंग बदलून एक्स्चेकरसारखे केले, अमेरिकन लोक अजून साधेच लिहितात.

तेव्हा सक्कचा अभिमान जरूर बाळगावा, पण जिथे तो नाही तिथे त्याला बसवू नये. शिवाय खरी गोष्ट काही कमी सुंदर नाही. चेकमध्ये अरबी 'सक्क' नसला तरी फारसी 'शाह' आहेच.

इथपर्यंत आपण पाहिले की वेगवेगळे दिसणारे अर्थ एकाच घरचे निघाले. याच्या नेमके उलटही घडते. एकच चेहरा असलेले दोन शब्द एकमेकांचे कुणीच नसतात.

'चेकमेट'मधला 'मेट' म्हणजे फारसी 'मात'. पण 'रूममेट'मधला 'मेट' जर्मन कुळातला आहे आणि त्याचा मूळ अर्थ एकत्र जेवणारा. एक मेट कोंडीत पकडतो, दुसरा ताटात वाढून घेतो. बुद्धिबळात ज्याला आपण हत्ती म्हणतो त्याला इंग्रजीत 'रुक' म्हणतात. हा फारसी 'रुख' आणि उर्दूत आजही रुखच. पण 'रुक' नावाचा इंग्लंडात कावळ्यासारखा एक पक्षी आहे, त्याचे नाव त्याच्या ओरडण्यावरून पडले. दोघांची दूरवरही ओळख नाही. प्याद्याला इंग्रजीत 'पॉन' म्हणतात. दागिना गहाण ठेवणे यालाही 'पॉन'च म्हणतात. पहिला शब्द लॅटिनमधल्या पायदळ शिपायाचा, दुसरा तारणाचा. उलट त्याच पायदळाच्या शब्दाचे पोर्तुगीज रूप आपल्याकडे आले आणि सरकारी कचेरीतला 'प्यून' झाले. म्हणजे इंग्रजीतले दोन 'पॉन' परके आणि पटावरचा पॉन आणि साहेबांच्या दाराशी बसलेला प्यून मात्र सख्खे. आपले 'प्यादे' फारसी 'पियादा'पासून, आणि त्या पियादातही तोच 'पाय' आहे जो संस्कृतच्या 'पदाति'त आहे.

हजेरीपटावरही हा प्रकार भेटतो. गुजराती किंवा जैन घरातले 'शहा' हे आडनाव 'साधु'पासून 'साहु' असे होत आले आहे. साधु म्हणजे सचोटीचा, सावकार. मुसलमान घरातले 'शाह' फारसीतून आलेले. वर्गात एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांची आडनावे सारखी वाटतात, वाटा वेगळ्या.

आता हाच 'शाह' मराठीत कसा वावरतो ते बघा. 'शह', 'काटशह', 'मात' यांच्याशिवाय आपल्या वर्तमानपत्रांचे एक पानही निघत नाही. शह-काटशहाचे राजकारण, आजारावर मात, प्रतिस्पर्ध्यावर मात. गंमत म्हणजे उर्दूत 'शह देना' याचा रूढ अर्थ आतून फूस लावणे, चढवणे असा आहे आणि मराठीत 'शह देणे' म्हणजे रोखणे. उर्दू माध्यमातली मुले मराठीचा धडा वाचताना इथे हमखास अडखळतात. महाराजांनी आदिलशाहीला शह दिला, हे वाक्य त्यांना 'महाराजांनी आदिलशाहीला फूस लावली' असे ऐकू येते. शब्द तोच, भाषा बदलली की बाजू बदलतो. म्हणून कोशात मूळ पाहून भागत नाही, बोलणाऱ्याच्या तोंडचा अर्थ पाहावा लागतो.

बँकेचा चेक मराठीत लिहिताना काय होते पाहा. सरकारी भाषेत त्याला धनादेश म्हणायचे. चांगला शब्द आहे. पण त्यावर आपण तारीख घालतो, रक्कम लिहितो, 'रुपये पाचशे फक्त' असे लिहितो आणि खाली सही करतो. तारीख, रक्कम, फक्त, सही, चारही शब्द अरबी. मधला रुपया संस्कृत. एवढ्याशा कागदावर कुणाला हाकलणार?

आणि 'शाह' तरी कुणाचा? आपल्यातले पुष्कळ जण हा शब्द इस्लामी समजतात आणि बाहेरचेही तसेच समजतात. पण इराणचा दारयवहु, ज्याला आपण पुस्तकात दारियस म्हणून वाचतो, त्याने बेहिस्तूनच्या कड्यावर इ.स.पूर्व सहाव्या शतकाच्या अखेरीस जो लेख कोरवला त्यात राजासाठी 'ख्शायथिय' हा शब्द आहे. 'शाह' त्याचेच झिजलेले रूप. इस्लाम येण्याच्या हजार वर्षांहून आधीचे. ज्या धातूपासून तो निघाला त्याच धातूचे संस्कृतमधले अपत्य म्हणजे 'क्षत्र', 'क्षत्रिय'. आपण रोज ज्याला शहर म्हणतो तेही त्याच कुळातले, मुळात राज्य या अर्थाचे. या घराण्यातला एक शब्द तर सुलतानांच्या कितीतरी शतके आधी महाराष्ट्रात आला होता. नाशिकच्या पांडवलेण्यात आणि जुन्नरला नहपानाच्या काळचे लेख आहेत. त्याची पदवी 'क्षत्रप', आणि ती प्राचीन इराणच्या प्रांताधिकाऱ्यांची पदवी आहे.

इस्लामची म्हणाल तर 'सहीह बुखारी'तल्या एका हदीसेत 'राजांचा राजा' असे नाव घेणे अल्लाहला अत्यंत नापसंत असल्याचे सांगितले आहे, आणि त्याच ठिकाणी खुलासा म्हणून 'शाहान शाह' हा फारसी शब्द दिला आहे. ज्या शब्दाला आपण धर्माची खूण मानून बसलो, त्याच्या मोठेपणावर धर्मानेच बोट ठेवले आहे. उलट मालोजीराजे भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ या पिरावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. ज्यांच्या घरात हा शब्द नावात आला, त्यांच्याच नातवाने आदिलशाहीला शह दिला.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हा इतिहास मी वर्गात कौतुकाने शिकवतो. नव्या राज्याला आपली बोली हवी होती. त्यामागचा स्वाभिमान समजण्यासारखा आहे. विसाव्या शतकात माधव जूलियन यांनी १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' काढला. ते फारसीचे प्राध्यापक होते, मराठीला गझलेची गोडी त्यांनी लावली, आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. एकाच माणसात दोन्ही ओढी असू शकतात. भाषेवर प्रेम करणाऱ्याला हा पेच पडणारच. माझी हरकत पर्यायी शब्द घडवण्याला नाही. शब्दांची झडती घेता घेता माणसांची झडती सुरू होते, तिथे माझी हरकत आहे.

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मी व्याकरणावर थोडे बोललो. जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी आपुलकीने जवळ आले आणि म्हणाले, "सर, तुमचं मराठी एकदम जबरदस्त! कुठे शिकलात?" मी म्हणालो, घरात. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण 'एकदम' फारसी, 'जबरदस्त' फारसी. त्यांच्या तोंडी हे शब्द घरचे आणि माझ्या तोंडचे मराठी मात्र कुठून तरी शिकून आलेले, हे मला आजवर उलगडलेले नाही. दुसऱ्या बाजूने आपल्याच मोहल्ल्यात वडीलधारे विचारतात, "मराठीत कशाला लिहितोस बेटा? उर्दू आपली." मी दोघांनाही एकच सांगतो. माझ्या आजीला उर्दू वाचता येत नव्हती आणि तिने आयुष्यात मराठीखेरीज दुसऱ्या भाषेत भांडण केले नाही.

दोघांना सांगण्यासारखे एक उदाहरण आहे आणि ते मराठीतलेच आहे: सतरंजी. इंग्रजांनी चौकड्यांच्या कापडाला बुद्धिबळावरून 'चेक' म्हटले, तसेच फारसीत पटासारख्या चौकटींच्या अंथरुणाला 'शतरंजी' म्हटले गेले. तीच आपली सतरंजी. आता तिच्यावर चौकड्या क्वचितच असतात, बहुधा पट्टेच असतात, पण नाव राहिले. संस्कृतातला चतुरंग इराणात जाऊन चतरंग झाला, अरबांकडे शतरंज झाला, आणि शतरंजी होऊन परत आला तेव्हा त्याला इथे कुणी ओळखले नाही. ओळखले नाही, पण जागा दिली. आता या शब्दाला काय म्हणायचे, स्वदेशी की परकीय? संस्कृत म्हणून ठेवायचा की फारसी म्हणून काढायचा?

सतरंजीने स्वतः हा प्रश्न कधीच निकाली काढला आहे. कीर्तनाला ती अंथरतात, मौलूदलाही अंथरतात. लग्नाच्या मांडवात, दुखवट्याच्या घरी, शाळेच्या वर्गात, ग्रामसभेत तीच असते. खाली बसणारा तिचे मूळ विचारत नाही, शेजाऱ्याला जरा सरकून घ्यायला सांगतो. शब्द कुठून आला हे जरूर शोधावे, त्यात मोठा आनंद आहे. पण तो आपला आहे की नाही हे शोधायचे असेल, तर आपण त्याच्यावर किती पिढ्या बसलो, हे मोजावे.